जिभेला न कळणारी साखर

मैत्रिणींनो, 'साखर' हा शब्द आपल्या घरात दोन अर्थांनी वावरतो. एक साखर डब्यात असते. ती वाण्याच्या यादीत लिहिली जाते. दुसरी रक्तात असते. ती तपासणीच्या कागदावर लिहून येते. 'त्यांना साखर आहे' असं आपण म्हणतो ती ही दुसरी. या दोन्ही एकच असं धरून आपण पहिली बंद करतो आणि दुसरी का उतरत नाही म्हणून कपाळाला हात लावतो.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न निरनिराळ्या वेषांत येत असतो. "सासूबाईंनी चहातली साखर सोडून वर्ष झालं, सणावारी गोडाला बोटही लावत नाहीत, तरी रिपोर्ट चढताच आहे." "यजमानांना गूळ चालेल का?" आणि गेल्या महिन्यात एकीनं विचारलं, "बाळाला नाचणीचं सत्त्व चांगलं मानवलंय. तेच आईंना सकाळी दिलं तर त्यांनाही ताकद येईल ना? त्यांना मधुमेह आहे, पण सत्त्वात मी साखर मुळीच घालणार नाही." या शेवटच्या पत्रानं मला लिहायला बसवलं. एकाच घरातला एकच डबा, पण बाळाला त्यातलं देणं हिताचं आणि आजीला देताना मात्र दहादा विचार करावा लागतो. असं का, ते समजायला थोडं आत शिरावं लागेल. घाबरू नका. मी स्वतः शास्त्र शाखेची नव्हे, बी.ए. झाले आणि सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. मला समजलं ते तुम्हांला समजायला काहीच हरकत नाही.

आधी जिभेची गोष्ट. जीभ फार भाबडी साक्षीदार आहे. समोर सुटी, लहान साखर असेल तरच ती "गोड" म्हणते. त्याच साखरेची माळ ओवून दिली की तिला काही ओळखू येत नाही. मण्यांची माळ डोळ्यांसमोर आणा. एक सुटा मणी म्हणजे ग्लुकोज, आपल्या जुन्या पुस्तकांतली द्राक्षशर्करा. रक्तात फिरते आणि तपासणीत मोजली जाते ती हीच. डब्यातली साखर म्हणजे दोन मण्यांची जोडी: एक ग्लुकोजचा आणि एक फळातल्या साखरेचा, म्हणजे फ्रुक्टोजचा. दुधातली साखर हीसुद्धा जोडीच. एक मणी ग्लुकोजचा, दुसरा गॅलॅक्टोजचा. आणि तांदूळ, ज्वारी, गहू, बटाटा, साबुदाणा यांतलं पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो मण्यांच्या लांबच लांब माळा. चव फिकी, पण मणी तेच.

हे पटत नसेल तर भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घ्या आणि गिळायची घाई न करता चावत राहा. मिनिटभरानं गोडसर चव यायला लागेल. भाकरीत कुणी साखर घातलेली नसते. लाळेतलं एक द्रव्य माळा तोडायला लागलेलं असतं आणि सुटलेले तुकडे जिभेला कळू लागतात. पूर्वीच्या बायका घास चावून चावून खा म्हणत, त्यात तथ्य होतं.

शाळेत मी मुलांना हे दाखवते तेव्हा वर्ग अगदी चिडीचूप होतो. तुम्हीही सुट्टीच्या दिवशी करून पाहा. भाताची पातळ पेज गाळून, निववून दोन वाट्यांत घ्यायची. एका वाटीत मुलाला चमचाभर लाळ थुंकायला सांगायचं (या प्रयोगावर मुलं खूष असतात, हे वेगळं सांगायला नको) आणि ढवळून वीस मिनिटं दोन्ही वाट्या कोमट पाण्याच्या परातीत ठेवायच्या. मग दोन्हींत टिंक्चर आयोडीनचा, नाही तर हल्ली जखमेवर लावतात त्या तपकिरी औषधाचा थेंब टाकायचा. साधी पेज निळी-काळी होते, कारण आयोडीन पिष्टाच्या माळांना धरून रंग बदलतं. लाळेच्या वाटीत तो रंग फिका येतो किंवा येतच नाही. माळा तुटून गेलेल्या असतात. वाट्या नंतर नीट धुवून ठेवा आणि ती पेज ओतून द्या.

माळ तोडणारं हे द्रव्य म्हणजे विकर. डॉक्टरमंडळी त्याला एन्झाइम म्हणतात. त्याची नवलाई कशात आहे हे कळायला एक जुनी हकीकत सांगते. १८११ मध्ये रशियात किर्खोफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं पिष्ट पाण्यात घालून, वर गंधकाम्ल टाकून उकळलं, तेव्हा त्याची साखर झाली. म्हणजे माळ तोडायला जहाल आम्ल आणि चुलीवरची उकळी लागली. पुढं १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या जवातून असं द्रव्य वेगळं काढलं, की जे तेच काम आम्लाशिवाय, नुसत्या उष्ण पाण्यात करतं. त्याला त्यांनी डायास्टेज नाव दिलं. आपण पाकात लिंबू पिळतो तेव्हा किर्खोफचीच युक्ती वापरत असतो, बरं का. लिंबाच्या आंबटपणानं उकळीत साखरेच्या काही जोड्या फुटतात आणि म्हणून पाकाची साखर पुन्हा खडे धरत नाही. तीच जोडी आपलं आतडं विनाआम्ल, अंगातल्या उबेवर, आपण वामकुक्षी घेत असताना फोडतं.

आणि प्रत्येक जोडीला विकर वेगळं. एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञानं साखरांवर काम करताना १८९४ मध्ये याला कुलूप आणि किल्लीची उपमा दिली, ती आजही शिकवली जाते. साखरेच्या कुलपाची किल्ली दुधातल्या साखरेला लागत नाही आणि दुधाची भाकरीला. पुढची सगळी हकीकत या एका गोष्टीवर चालते, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा.

दुधाचंच पाहा. गाईच्या दुधात १०० मिलिलिटरमागे ४.५ ते ५ ग्रॅम साखर असते, आईच्या दुधात सुमारे ७. म्हणजे पेलाभर बिनसाखरेच्या दुधातून दोन छोटे चमचे साखर पोटात जाते आणि जिभेला पत्ताही लागत नाही, कारण ही साखर फार कमी गोड. तिची किल्ली, लॅक्टेज, तान्ह्या बाळाजवळ भरपूर असते. मोठेपणी पुष्कळ माणसांत ती कमी होते. मग न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि पोट फुगणं, गुडगुडणं, पातळ होणं सुरू होतं. अशा माणसाला "दूध पचवायची सवय कर" म्हणून पेला पुढं करण्यात अर्थ नसतो. त्याच घरी दही मात्र निमूट पचतं. दह्यातल्या जंतूंनी थोडी साखर आधीच संपवून तिचं आम्ल केलेलं असतं, शिवाय ते पोटात जाताना आपली किल्ली घेऊन जातात. जुलाबानंतर मुलाच्या आतड्याचं अस्तर सोलवटतं तेव्हाही ही किल्ली काही दिवस कमी पडते. म्हणून वरचं दूध बाधतं. मात्र अंगावरचं दूध त्यासाठी बंद करायचं नाही, हे डॉक्टर आवर्जून सांगतात.

विकरांचा विषय निघाला की एका मराठी बाईंचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. आपल्या दुर्गाबाई भागवतांच्या सख्ख्या बहीण. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला होता. नाकारणारे सी. व्ही. रामन, साक्षात नोबेलचे मानकरी. कमलाबाई हटल्या नाहीत. १९३३ मध्ये प्रवेश मिळवला, काम करून दाखवलं, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली, तीही साध्या बटाट्याच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी नावाच्या द्रव्यावर. परत आल्यावर त्यांनी आपल्या डाळी-कडधान्यांवर आणि नीरेवर काम केलं. नीरा म्हणजे ताडा-शिंदीचा ताजा रस, तोही साखरेनं भरलेला. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते आणि ऊन चढलं की फसफसते. हवेतले आणि मडक्यातले किण्वाचे जीव आपल्या विकरांनी जोडी फोडतात, मग ग्लुकोजची दारू करतात. म्हणूनच नीरा थंड ठेवून लगेच प्यायची. गार जागी विकरांचे हात आखडतात, एवढंच त्यामागचं शास्त्र.

बटाट्याचं नाव आलंच आहे तर उन्हाळी कामाची एक गोष्ट. वेफर्स तळताना काही वेळा पांढरेशुभ्र काप पाहता पाहता तांबूस, कडवट होतात आणि आपण तेलाला दोष देतो. दोष बहुधा शीतगृहाचा असतो. फार गारठ्यात ठेवलेल्या बटाट्यातली विकरं पिष्टाच्या माळा तोडून त्याची साखर करत राहतात, आणि ती साखर कढत तेलात करपते. तेव्हा वेफर्ससाठी आणलेले बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नयेत. आठ-पंधरा दिवस घरातल्या साध्या हवेत, अंधाऱ्या कोपऱ्यात राहू द्यावेत, म्हणजे त्यांतली बरीचशी साखर पुन्हा उतरते.

आता नाचणीकडे येऊ.

सहा महिने पुरे झाल्यावर बाळाला अंगावरच्या दुधाबरोबर वरचं अन्न लागतं. त्याचं पोट मुठीएवढं. पेज पातळ केली तर त्यात पाणीच फार. पोट भरतं पण अंगी काही लागत नाही. दाट केली तर चिकट गोळा होतो, बाळ जिभेनं बाहेर ढकलतं. या पेचातून आपल्या आज्या-पणज्यांनी मोड आणून वाट काढली. दाण्याला मोड येतो तेव्हा कोंबाला खायला हवं म्हणून दाणा स्वतःच विकर तयार करतो आणि आपल्या साठ्यातल्या माळा तोडायला लागतो. अशा पिठाची पेज दाट शिजवली तरी पातळ राहते. त्याच वाटीत दुप्पट पीठ मावतं, आणि बाळ ती गिळतं. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पद्धतशीर काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की सगळंच पीठ मोडाचं करायची गरज नाही. नेहमीच्या दाट पेजेत मोडाच्या धान्याचं चिमूट-दोन चिमूट पीठ घातलं तरी काम होतं.

कृती सांगते. नाचणी चांगली रोळून, खडे काढून रात्रभर भिजत घालावी. सकाळी निथळून ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधून टांगावी, फडकं सुकू देऊ नये. दीड दिवसात बारीक पांढरे मोड दिसतात. वास आंबूस आला किंवा बुरशी दिसली तर सगळी टाकून द्यावी, हळहळू नये. मोड आलेली नाचणी खडखडीत वाळवावी, हातानं चोळून मोड झाडावेत आणि अगदी मंद आचेवर नुसती गरम करून दळावी. इथं एक खोच आहे. खमंग वासासाठी आपण ती चांगली भाजतो, आणि त्या भाजण्यात विकर मरून जातं. सत्त्वाला चव येते पण पेज पातळ करायची त्याची शक्ती जाते. म्हणून दोन डबे करावेत, एक भाजलेल्या पिठाचा आणि एक लहानसा न भाजलेल्याचा. पेज नेहमीच्या पिठाची, चमच्याला चिकटेल इतकी दाट शिजवून खाली उतरवावी. बोटाला जेमतेम सोसेल इतकी निवली की लहान डब्यातलं सपाट छोटा चमचा पीठ घालून ढवळावं. दोन-चार मिनिटांत गोळा सैल होऊन ओघळायला लागतो. पहिल्यांदा पाहताना नवल वाटतं. मग ते पीठ कच्चं असल्यामुळं पुन्हा एक चांगली उकळी द्यावी आणि निववून भरवावं. हे ज्वारीचं मात्र करू नका. ज्वारीच्या कोंबात विषारी द्रव्य तयार होतं. कोवळी ज्वारी गुरांना चारत नाहीत ती यासाठीच.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल, की बाळाला जे वरदान ते आजीला का नाही. बाळाला हवी असते पटकन मिळणारी शक्ती, म्हणून आपण त्याच्यासाठी माळा आधीच तोडून देतो. मधुमेहात नेमकं उलट हवं. साखर रक्तात जावी, पण सावकाश, कारण तिला पेशींत पोचवणारं इन्सुलिन अपुरं किंवा दुबळं असतं. (इन्सुलिन हे विकर नव्हे, ते वेगळं, मी मुद्दाम सांगते, कारण पुष्कळदा गल्लत होते.) बारीक दळलेलं, शिजून मऊ झालेलं, वर मोडानं माळा तुटलेलं सत्त्व आतड्यात गेलं की किल्ल्यांना फारसं काम उरत नाही. साखर चमचाभरही न घालता ती भराभर चढते. त्याच नाचणीची भाकरी, सोबत पालेभाजी आणि वाटीभर आमटी, असं जेवण सावकाश उलगडतं. तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझं उत्तर असं, की सासूबाईंना सत्त्वाऐवजी भाकरी द्या, तीही किती खायची ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

साबुदाण्याची गोष्ट तर सगळ्यांत वाईट. "आज उपास आहे, गोड काही नाही," म्हणत ताटलीभर खिचडी समोर येते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम साबुदाण्यात ८७ ग्रॅम पिष्ट आणि प्रथिनं जेमतेम ०.२ ग्रॅम दिली आहेत. म्हणजे नुसत्या माळाच माळा. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे आपण चेष्टेनं म्हणतो, पण मधुमेही माणसाच्या बाबतीत ती चेष्टा राहत नाही. आणि औषधाची गोळी घेऊन दिवसभर काहीच न खाणं त्याहूनही धोक्याचं. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. देव काही कोपत नाही.

गुळाचं थोडक्यात सांगते. त्याच तक्त्यात १०० ग्रॅम साखरेतून ३९८ कॅलरी मिळतात आणि गुळातून ३८३. गुळात थोडं लोह असतं, वास आणि चव असते, पण बाकी बहुतेक सगळी तीच दोन मण्यांची जोडी. गूळ "देशी" आहे म्हणून स्वादुपिंड त्याला सवलत देत नाही. मध वेगळा आहे खरा. फुलांतल्या रसातली जोडी मधमाशी आपल्या विकरानं पोळ्यातच फोडून ठेवते. म्हणून मधात ग्लुकोज सुटा असतो, तोच थंडीत खडे धरतो, आणि आपण भेसळीचा संशय घेतो. पण सुटा ग्लुकोज म्हणजे तर रक्तात जायला आणखी घाई. मधुमेह्याला मध "चालतो" हे चुकीचं आहे. आणि हो, वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, रीत असली तरी. त्यात कधी कधी असलेल्या जंतूंच्या बीजांमुळं तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

मधमाशीजवळ आणखी एक विकर असतं, फक्त ग्लुकोजला ओळखणारं. ग्लुकोज ऑक्सिडेज त्याचं नाव. तुमच्या घरात ते असण्याचा संभव आहे. बोट टोचून साखर बघायच्या यंत्रात जी पट्टी घालतात, तिच्या टोकावर बहुधा हेच विकर असतं; काही पट्ट्यांवर त्याच्या जातीतलं दुसरं. पट्टीसाठी ते बुरशीकडून मिळवतात, एवढंच. आपल्या जिभेला जे जमत नाही ते ही पट्टी करते. हे कळलं की दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, आंबा चिरून किंवा केळं सोलून तसंच बोट टोचलं तर पट्टी फळातला ग्लुकोजही मोजते, आणि आकडा उगाच फुगतो. हात साबणानं धुवून, कोरडे करून मगच टोचावं. दुसरं, विकर हे प्रथिन आहे; उष्णतेनं आणि ओलाव्यानं ते बिघडतं. पट्ट्यांची डबी गॅसच्या शेगडीजवळच्या फळीवर किंवा न्हाणीघरात ठेवू नये, झाकण लगेच लावावं, तारीख उलटलेली पट्टी वापरू नये.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच केला ते सांगते. आमच्याच इमारतीत गेल्या पावसाळ्यात घडलेली गोष्ट आहे. एका काकूंना दुपारी दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. सून चांगली शिकलेली, डोकं शांत ठेवणारी. तिनं यंत्रावर पाहिलं, आकडा ५८. साखर उतरली होती. तिनं लगेच पेलाभर पाण्यात चार चमचे साखर ढवळून पाजली. सगळीकडे हेच सांगितलेलं असतं. पंधरा मिनिटांनी आकडा ६१. पुन्हा साखरपाणी. काकू मलूलच. तिनं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवणाबरोबर कुठली गोळी घेतात?" गोळी व्होग्लिबोजची होती, सोबत साखर उतरवणारी दुसरीही होती. डॉक्टर म्हणाले, "साखर नको, ग्लुकोज पावडर द्या." समोरच्या घरातून मुलांसाठी आणलेला डबा आला, आणि थोड्याच वेळात काकू "काय झालं गं मला?" म्हणत उठून बसल्या.

व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज या गोळ्या काय करतात? आतड्याच्या भिंतीवरच्या किल्ल्या अडवून धरतात. जेवणातल्या माळा आणि जोड्या सावकाश तुटाव्यात म्हणूनच त्या दिलेल्या असतात, आणि ते काम त्या चांगलं करतात. त्या एकट्या सहसा साखर उतरू देत नाहीत. पण सोबत इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी दुसरी गोळी असेल तर साखर कधी तरी फार उतरते, आणि त्या वेळी दिलेलं साखरपाणी आतड्यात पोचूनही जोडी लवकर फुटत नाही. किल्ली अडवलेली असते. सुट्या ग्लुकोजला किल्लीच लागत नाही; तो सरळ रक्तात जातो. घरात ग्लुकोज नसेल तर अशा माणसाला मध चालतो, कारण मधमाशीनं जोडी आधीच फोडलेली आहे. नाही तर दूध, कारण दुधाची किल्ली या गोळ्या अडवत नाहीत. एरवी ज्यांना मध नको म्हटलं त्यांनाच या घडीला तो द्यायचा, हे विचित्र वाटेल, पण कारण आता तुम्हांला ठाऊक आहे. या गोळ्या न घेणाऱ्या मधुमेह्याला साखरपाणीही चालतं.

म्हणून आजच घरातल्या मोठ्यांच्या गोळ्यांची पाकिटं काढून त्यांवरची बारीक अक्षरं वाचा. यांपैकी नाव दिसलं तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा आणि औषधाच्या दुकानातून ग्लुकोजचा डबा आणून ठेवा. डब्यावर ग्लुकोज किंवा डेक्स्ट्रोज असं लिहिलेलं हवं. "शक्तिवर्धक" म्हणून मिळणाऱ्या काही पावडरींत निम्मी साधी साखरच असते. आकडा ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम, म्हणजे सपाट तीन-चार छोटे चमचे, थोड्या पाण्यात द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचं, चढला नसेल तर पुन्हा तेवढंच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ठसका लागून श्वास अडकतो. तसंच दवाखान्यात न्यायचं.

डबा फडताळाच्या तळाशी नको. हाताशी ठेवा आणि वर मोठ्या अक्षरांत "आईंसाठी" लिहून चिकटवा. दर पंधरा दिवसांनी उघडूनही पाहा. काकूंच्या घरी नवा आणलेला डबा दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांनी चमचा चमचा करून संपवला होता, आणि झाकण मात्र व्यवस्थित घट्ट लावून ठेवलं होतं.